दादूसची हळद, आयएसओ ३२००: घणसोलीच्या मांडवातल्या नोंदी

चुलतभावाची, म्हणजे आमच्या दादूसची, हळद २५ एप्रिलला. लग्नाच्या दिवसासाठी फोटोग्राफर ठरलाय, पण हळदीच्या रात्रीचे त्याने वेगळे ८,००० सांगितले. काका म्हणाले, "बायकडं हाय की कॅमेरा." बाय म्हणजे मी. कॅमेरा आहे हे खरं. रात्रीच्या मांडवात तो मला जमत नाही हेही खरं, पण तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही.

सामान असं: सुरुवातीच्या वर्गातला २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर, प्रकाश टिपणारा सेन्सर लहान आकाराचा (एपीएस-सी), सहा वर्षं जुना. सोबत आलेली १८-५५ लेन्स, आणि एक ५० मिमी एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). हातात तीन आठवडे. ज्याच्या घरी अशीच वेळ येईल त्याला उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतेय.

४ एप्रिल

नवीन काही करण्याआधी गेल्या वर्षीच्या एका हळदीचे माझेच फोटो उघडले. २१२ होते. माझ्या आठवणीत ते "नॉइजमुळे", म्हणजे फोटोत येणाऱ्या दाण्यामुळे, खराब झाले होते. एकेका फोटोची माहिती बघत बसले तर चित्र वेगळंच निघालं. बहुतेक फोटो हललेले, शटर १/१५ आणि १/२० सेकंद. त्यानंतर नंबर पिवळ्या रंगाचा: हळद लावलेला गाल म्हणजे सपाट पिवळा ठिपका, ना कातडी दिसते ना बोटांचे ओरखडे. उरलेल्यांत पॉप-अप फ्लॅशने माणूस पांढराफटक आणि मागचा मांडव काळाकुट्ट, जणू हळद अंतराळात लागली. केवळ नॉइजमुळे टाकून द्यावा असा फोटो एकही नव्हता.

म्हणजे ज्या नॉइजला घाबरून आयएसओ (आलेला उजेड कॅमेरा किती उचलून दाखवतो तो आकडा) ८०० च्या वर नेला नाही, त्याने काही बिघडवलंच नव्हतं. बिघडवलं त्या भीतीने.

६ एप्रिल

पिवळ्याचा प्रयोग. धाकट्या भावाला गालाला हळद लावून बस म्हटलं, तो दहा मिनिटांत पळाला. मग नारळाला तेलात कालवलेली हळद जाड फासली, पाटावर ठेवला, शेजारी पिवळा बल्ब. आई म्हणाली, "नारलाचा लगीन लावतंस काय?"

कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (फोटोत अंधार-उजेड किती ते दाखवणारा आलेख) बघून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, ठरवलं. आलेख उजवीकडे टेकत नव्हता, सगळं ठीक दिसत होतं. तरी नारळ सपाट. लाल-हिरवा-निळा असे तीन वेगळे आलेख दाखवणारी पाटी उघडली तेव्हा कळलं: लाल उजव्या भिंतीला जाऊन धडकलाय आणि निळा डावीकडे मेल्यागत पडलाय. साधा आलेख तिन्ही रंगांची सरासरी काढतो, आणि त्या सरासरीत हिरव्याचं वजन सर्वांत जास्त. त्यामुळे एकटा लाल फुटला तर त्याचा पत्ता लागत नाही.

एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड हाताने कमीजास्त करायची सोय) उणे ०.७ वर लाल सुटला, नारळाच्या शेंड्या दिसायला लागल्या. उणे १.३ वर नारळ छान, पण पाट आणि मागची भिंत बुडाली. उणे ०.७ पक्कं केलं. अर्थात हे हळदीने माखलेल्या चेहऱ्यापुरतं. पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाला उलटं लागतं, कारण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोर जे असेल ते मध्यम राखाडी करायला बघतो. आजोबांचं धोतर मळकं दिसायचं ते त्यामुळे. तिथे अधिक १.

९ एप्रिल

नॉइजचा हिशेब एकदाचा मिटवायचा म्हणून संध्याकाळी दिवा मंद करून तोच नारळ दोन प्रकारे काढला. एकदा आयएसओ ६४००, एक्स्पोजर बरोबर. दुसऱ्यांदा छिद्र आणि शटर तेच, आयएसओ ८००, फोटो अंधारा, आणि नंतर संगणकावर तीन स्टॉप उचलला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट).

जेपीजीमध्ये दुसरा फोटो बघवत नाही. सावल्यांत जांभळे डाग, पट्टे, हळदीचा रंग चिखलासारखा. रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) फरक कमी, तरी माझ्या या जुन्या सेन्सरवर ६४०० वाला सरळ सरळ बरा. प्रकाश दोन्ही वेळा तेवढाच पडला होता. दाणा येतो तो मुळात प्रकाश कमी पडल्यामुळे. आयएसओ कमी ठेवून मी प्रकाश वाढवला नव्हता, नुसता अंधार साठवला होता.

यातच तास गेला तो एका सेटिंगपायी. गच्चीवरून गावातल्या लाइटिंगचे ३० सेकंदांचे फोटो काढत होते, आणि प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा अर्धा मिनिट गोठायचा. कार्ड खराब झालं समजून कार्ड बदललं, फॉरमॅट केलं. दोष कार्डाचा नव्हताच. "लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन" चालू होतं. त्यात कॅमेरा फोटोनंतर तेवढाच वेळ शटर बंद ठेवून दुसरा काळा फोटो घेतो आणि त्यातले चमकणारे ठिपके पहिल्यातून वजा करतो. बंद करून टाकलं, हळदीत त्याचं काम नाही.

१२ एप्रिल

फोर्टात जाऊन एक जुना वापरलेला फ्लॅश आणला. २,८०० रुपये. घणसोलीहून वाशी, तिथून सीएसएमटी, जाऊन येऊन अख्खा रविवार. डब्यावर गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा, ६०. (तो आकडा फ्लॅशचं डोकं २०० मिमी झूमवर असताना मोजलेला असतो. मांडवात आपण ३५-५० वर वापरणार, तिथे बराच कमी भरतो. तरी कॅमेऱ्यातल्या पॉप-अपच्या १० पेक्षा खूपच. १० म्हणजे एफ ४ ला, आयएसओ १०० वर जेमतेम अडीच मीटर. आयएसओ ४०० केला की पाच.)

घरी आणून कॅमेऱ्यावर चढवला. पेटेना. टेस्टचं बटण दाबलं की पेटतो, शटर दाबलं की ढिम्म. सेल बदलले, खोडरबराने पत्रे घासले. रात्री अकराला टॉर्च मारून कॅमेऱ्याच्या वरच्या खाचेत बघितलं: मधला गोल पत्राच नाही! आजूबाजूला बारके चार आहेत, पण ज्यावरून साधा फ्लॅश पेटतो तो मधला या मॉडेलला दिलेलाच नाही. सहा वर्षं कॅमेरा माझ्याकडे आहे, आणि हे मला आज समजलं. फ्लॅश घ्यायला जाताना कॅमेरा सोबत न्या, एवढंच सांगते.

१३ एप्रिल

फ्लॅश परत करायचा नाही, मार्ग काढायचा असं ठरवलं. त्यात स्लेव्ह मोड आहे: दुसरा फ्लॅश चमकला की हा पेटतो. पॉप-अप उघडला, मोठा फ्लॅश कपाटावर ठेवला. डोळ्यांना दोन्ही पेटलेले दिसतात, फोटोत मोठ्याचा उजेड नाही. यात दीड तास गेला.

कारण असं: टीटीएलमध्ये (फ्लॅश किती मारायचा ते कॅमेरा स्वतः ठरवतो तो मोड) पॉप-अप आधी एक छोटी चमक मारून उजेड मोजतो, खरी चमक नंतर. माझा मोठा फ्लॅश त्या पहिल्या चमकेलाच पेटून मोकळा होत होता, शटर उघडायच्या आधीच. एस१ ऐवजी एस२ लावल्यावर तो पहिली चमक सोडून देतो. शेवटी पॉप-अपच मॅन्युअलला, सर्वांत कमी पॉवरवर ठेवला. म्हणजे तो फक्त इशारा करतो, समोरच्याचं तोंड पांढरं करत नाही.

आणखी एक: ऑटो आयएसओ चालू असेल तर फ्लॅश दिसताच माझा कॅमेरा गपचूप ४०० धरतो. मागचा मांडव काळा का यायचा त्याचं अर्धं उत्तर इथे मिळालं. आयएसओ हाताने लावायचा.

१८ एप्रिल

शेजारच्या आळीत हळद होती, तिथे रंगीत तालीम केली. सगळंच फसलं, म्हणून ही नोंद लांब.

त्यांचा फोटोग्राफर आधीच हजर होता. त्याने फ्लॅश मारला की माझाही पेटायचा. स्लेव्हला मालक कळत नाही, चमक कळते. तासाभरात त्याच्या फोटोंसाठी माझे चार सेल संपले. तो एकदा वळून म्हणाला, "ताई, लाइट चांगला देताय." मी हसले, काय करणार?

मांडवाचं छत गुलाबी आणि केशरी कापडाचं. फ्लॅशचं डोकं वर करून उजेड छतावर आपटवायचा, म्हणजे तो मऊ होऊन खाली येतो, हे सगळीकडे सांगतात. आला मऊ, पण गुलाबी होऊन आला. गुलाबी उजेडात हळद कशी दिसते ते लिहीत नाही.

आणि पट्टे. १/२५० वर काढलेल्या फोटोंत आडवे काळपट पट्टे, प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातल्या एलईडी माळा आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/१०० ठेवलं तर एक पूर्ण चढउतार फोटोत मावतो आणि पट्टे जातात, १/५० ला दोन मावतात. त्याहून वेगवान गेलात की अर्धवट चढउतार पकडला जातो. माळांचे पट्टे १/१०० वर गेले. डीजेच्या रंगीत दिव्यांचे गेले नाहीत, त्यांची उघडझाप त्यांच्या आतल्या सर्किटवर चालते, विजेच्या तालावर नाही. ते सोडून दिले.

चांगलं एकच हाती लागलं. फ्लॅश असताना शटर आणि छिद्र दोन वेगळी कामं करतात हे डोक्यात बसलं. फ्लॅशची चमक शटरच्या मानाने इतकी क्षणभराची, की शटर १/१०० असो की १/५०, चेहऱ्यावरचा फ्लॅश तेवढाच. बदलतो तो मागचा मांडव. म्हणून आधी फ्लॅश बंद ठेवून मांडव नीट दिसेल असं शटर आणि आयएसओ लावायचं, आणि मग चेहऱ्याला लागेल तेवढाच फ्लॅश घालायचा. मी आजवर नेमकं उलटं करत होते.

२० एप्रिल

रेडिओ ट्रिगर (फ्लॅशला दुरून बिनतारी पेटवणारा) भाड्याने ठरवला, माझ्या कॅमेऱ्याच्या चारही बारक्या पत्र्यांवर चालणारा. मधला पत्रा नसला तरी पेटतो, दुकानातच कॅमेरा लावून पाहिलं. सोबत छोटा सॉफ्टबॉक्स, फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी. दोन दिवसांचे ५००, डिपॉझिट २,०००. चार्ज होणारे आठ सेल आणि चार्जर १,९००. हा खर्च अजून टोचतोय.

२३ एप्रिल

मांडव उभा राहिला. छत पिवळं, झालर लाल. मंडपवाल्याला म्हटलं, पाटाच्या वरच्या दोन चौकोनांत पांढरं कापड लावाल का? तो तयार होता. काकीने ऐकलं आणि विषय तिथेच संपला. शुभकार्यात पोराच्या डोक्यावर कोरं पांढरं कापड येणार नाही.

मग १२० रुपयांचा पांढरा सनबोर्ड आणला. भाच्याने तो पाटाच्या डावीकडे वर धरायचा आणि फ्लॅश त्यावर मारायचा. छतापेक्षा हे बरं निघालं. उजेड एका बाजूने येतो, त्यामुळे गालावरचा हळदीचा थर जाड दिसतो. वरून आलेल्या उजेडात तो सपाट होतो.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने पांढरं कशाला धरायचं ते, ऑटोवर नको. पिवळं छत, पिवळी हळद, पिवळे दिवे पाहून कॅमेरा घाबरतो आणि सगळं निळसर करायला जातो. ४,००० केल्विनवर बांधून टाकला, फ्लॅशवर फिकी केशरी जिलेटिन (पारदर्शक रंगीत कागद) लावली म्हणजे त्याचा उजेड दिव्यांशी जुळतो.

२५ एप्रिल, हळद

संध्याकाळी पाचला उंबराची फांदी वाजतगाजत आणली. ऊन समोरून, चेहऱ्यावर सावल्या, म्हणून फ्लॅश लावला. एफ २.८ वर सगळे फोटो पांढरे. फ्लॅश लागला की शटर १/२०० च्या पुढे जात नाही हे माहीत असूनही विसरले. छिद्र एफ ११ करेपर्यंत उंबर मांडवात पोचला होता. त्या प्रसंगाचे चांगले फोटो दोन.

रात्री साडेआठ. पाटावर दादूस. एम मोड (सगळं हाताने), ५० मिमी, एफ २.८, १/१००, आयएसओ १६००, फ्लॅश १/१६ ताकदीवर, सनबोर्डकडे. पहिला फोटो बघितला आणि खरं सांगते, पोटातला गोळा गेला. मांडव दिसतोय, माळा दिसतायत, गालावरचा ओला थर दिसतोय. भाचा बोर्ड घेऊन पुढेमागे व्हायचा, तेवढाच त्रास. उजेड दुप्पट लांब गेला की एक चतुर्थांश उरतो, त्यामुळे त्याचं एक पाऊल म्हणजे माझ्याकडे अर्धा स्टॉप. शेवटी त्याच्या पायाशी खडूने रेघ मारली.

तेलकट चेहऱ्यावर चमक येत होती. फ्लॅश कमी करून फायदा झाला नाही, बोर्ड अजून बाजूला नेल्यावर गेली.

१०.४० ला आत्याचा हळदीचा हात लेन्सवर. फिल्टर होता, लेन्स वाचली. पण मी तो ओढणीने पुसला आणि हळद-तेल सगळ्या काचेवर पसरवलं. त्यानंतरच्या ४० फोटोंत प्रत्येक दिव्याभोवती धुकं आहे, आणि छोट्या पडद्यावर ते मला दिसलंच नाही. फिल्टर असतो तो अशा वेळी काढून खिशात टाकायला. पुसत बसायचं नाही. कॅमेऱ्याला मात्र अन्न झाकायची पातळ प्लॅस्टिक फिल्म गुंडाळली होती, ती वाचली आणि तिने वाचवलं.

अकराच्या सुमारास आतल्या खोलीत धवलारीण, म्हणजे लग्नाचे धवले गाणारी बाई, बसली. आमच्याकडे तिच्या धवल्यांशिवाय लग्न उभंच राहत नाही. खोलीत एकच बल्ब, भिंतीला टेकून बायका, मधे पंचाहत्तरीची धवलारीण डोळे मिटून गातेय. मी दारातून सवयीने एक फ्लॅश मारला. ती गाता गाता थांबली. "डोल्यान लाईट नको मारू गो बाय. सूर जातंय."

ट्रिगर काढून ओटीवर ठेवला. एफ २, १/५०, आयएसओ ६४००. तोंड बाजूला वळलेलं, उजेड फक्त कपाळावर आणि गालाच्या हाडावर. काढायच्या आधी श्वास सोडून दाराच्या चौकटीला खांदा टेकवला. गाताना तिचं डोकं डोलत होतं, प्रत्येक ओळीच्या शेवटी क्षणभर स्थिर व्हायचं. दोन कडवी नुसती ऐकली, मग त्या क्षणांनाच शटर दाबत गेले. तेवीस फोटो, त्यातले नऊ स्पष्ट.

बारानंतर बेंजो आणि नाच. वीज गेली, जनरेटरवर आलो, आणि १/१०० वरसुद्धा पट्टे हलके परत आले. जनरेटरचे हर्ट्झ बोजा पडला की थोडे ढळतात. पण नाचाला शटर १/१५ च हवं होतं, त्यामुळे फरक पडला नाही: फ्लॅश चेहरा थिजवतो, माळांच्या रेघा ओढल्या जातात. रेघा माणसाच्या मागे हव्या होत्या, त्या पुढे धावल्या, कारण मागच्या पडद्याचा सिंक, म्हणजे शटर बंद होताना फ्लॅश पेटायची सोय, या ट्रिगरवर चालला नाही. काकांच्या पोटातून निघालेली लाल रेघ सगळ्यांना आवडलीय, मी गप्प आहे.

डीजेकडे हिरवा लेझर होता. तो तोंडावर आला की कॅमेरा खाली. लेझरने सेन्सरवर कायमचे डाग पडतात.

२८ एप्रिल

६४० रॉ फाइली. निवडून १७०, त्यांना अकरा तास लागले.

नॉइज होता, तोही बहुतेक निळ्यात. पिवळ्या उजेडात निळा मुळातच कमी असतो, व्हाइट बॅलन्सला तो ओढून वर आणावा लागतो, आणि दाणा त्याच्यासोबत येतो. म्हणून फक्त रंगाचा नॉइज घालवला, उजेडाचा दाणा राहू दिला. धवलारणीच्या फोटोला दोन्ही पुसून पाहिले, तर गालावरच्या सुरकुत्या मेणासारख्या झाल्या. लगेच उलटवलं.

धुक्यातल्या ४० पैकी १२ वाचले.

३ मे

चार बाय सहाच्या प्रिंट आल्या. या आकारात ३०० डीपीआयला जेमतेम २२ लाख पिक्सेल लागतात, माझ्या फाइलीत २ कोटी ४० लाख. अकरा-अकरा पिक्सेल मिळून एक होतो, दाणा त्यातच विरतो. ३२०० आणि १६०० शेजारी ठेवून घरात विचारलं, कुणालाच ओळखता आलं नाही. धवलारणीचा एकच १२ बाय १८ केला, त्यात जवळून दाणा दिसतो. तो तिच्या घरी दिला. तिने हातात धरून लांब केला, मग जवळ केला. म्हणाली, "लुगरा बरोबर आलाय." लुगडं त्या दिवशी नवीन होतं.

खर्च: फ्लॅश २,८००, सेल १,९००, भाडं ५००, सनबोर्ड १२०. फ्लॅश आणि सेल माझ्याकडेच राहतात.

सॉफ्टबॉक्स परत करायला गेले तर पांढऱ्या कापडावर चार पिवळी बोटं, आत्याचीच. दुकानदाराला म्हटलं, हळदीचा डाग आहे, दोन दिवस उन्हात टाकला की उडतो. त्याने डिपॉझिटमधून २०० कापलेच.